घामाचा हिशोब आणि लिंबाचा रस

गेल्या वर्षी हाफ मॅरेथॉनची तयारी करताना दर रविवारी मी स्पोर्ट्स ड्रिंकची बाटली घेऊन पळायचो. दर दहा मिनिटांनी एक घोट. काही महिन्यांनी दात आंबल्यासारखे राहू लागले, थंड पाण्याने शिवशिवू लागले. डेंटिस्टने आरसा दाखवला. कीड नव्हती, पण पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झाल्या होत्या. घरी येऊन बाटलीवरचा मजकूर वाचला : पाणी, साखर, सायट्रिक आम्ल, मीठ. घामातून पाणी आणि मीठ जातं, ताकद साखरेतून येते, हे कळलं. आम्ल कशाला?

उत्तर शोधत १९६५च्या फ्लोरिडात पोचलो. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे (हे अमेरिकन फुटबॉल, शिरस्त्राणवालं) सहाय्यक प्रशिक्षक ड्वेन डग्लस यांनी मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट केड यांना एक साधा प्रश्न विचारला : सामन्याच्या दिवशी आमच्या पोरांना लघवी का होत नाही? सगळं पाणी घामावाटे जात होतं. केड आणि सहकाऱ्यांनी घाम तपासला आणि पाणी, क्षार, साखर यांचं मिश्रण बनवलं. शास्त्र बरोबर होतं, पण चव इतकी भयंकर की ते घशाखाली उतरेना. लिंबाचा रस घालून बघा, हे सुचवलं केड यांच्या पत्नी मेरी यांनी. संघ 'गेटर्स', म्हणून पेय गेटोरेड. १९६७ साली संघाने ऑरेंज बोल जिंकला आणि पेय देशभर गाजलं. पुढे स्वामित्वधनावरून विद्यापीठ आणि केड यांचं कोर्टात वाजलं, ती कथा निराळी.

म्हणजे आम्ल हे औषध नव्हतंच, ती चवीची डागडुजी होती. आमच्या धंद्यात असल्या डागडुज्या कायमच्या होऊन बसतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पेय बाजारात आल्यावरही आंबटपणा राहिला. दाताचं एनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं. ही पेयं बहुधा ३ ते ४च्या दरम्यान असतात, आणि पीएचमध्ये एकाचा फरक म्हणजे आम्लता दहापट.

२०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्रीडाग्रामातल्या दंतचिकित्सालयात आलेले ३०२ खेळाडू तपासले, तेव्हा ४५ टक्क्यांच्या दातांची झीज दिसली. आता तिथे मुळात दाताकडे लक्ष गेलेलेच खेळाडू आले असणार, हे धरायला हवं. पण १८ टक्के म्हणाले की दातांमुळे आमच्या सरावावर किंवा कामगिरीवर परिणाम झाला. चार वर्षं घाम गाळून तिथे पोचायचं आणि दात ठणकायचा!

मी लगेच बाटलीला फाशी देणार होतो. तेवढ्यात ओहायोतल्या ३०४ विद्यापीठीय खेळाडूंचा २००२चा अभ्यास वाचला. ३६.५ टक्क्यांच्या दातांची झीज झालेली, पण स्पोर्ट्स ड्रिंकशी तिचा संबंध सापडला नाही. तेव्हा पेय एकटं गुन्हेगार नसावं. आम्ल निवळवण्याचं काम लाळेचं, आणि तोंडाने श्वास घेत पळताना तोंड कोरडं पडतं. त्यात घोट घोट पिणं म्हणजे लाळेला सावरायला उसंतच नाही.

डेंटिस्टने आणखी एक विचारलं होतं : पळून आल्यावर काय करता? मी अभिमानाने सांगितलं, तोंड चिकट होतं, म्हणून आल्या आल्या ब्रश करतो. आम्लाने मऊ पडलेल्या एनॅमलवर, दर रविवारी, जोर लावून.