स्टॉप मोशन अ‍ॅनिमेशन

स्टॉप मोशन अ‍ॅनिमेशन : वस्तू हाताने थोडी थोडी हलवायची, दर वेळी तिची एक फ्रेम टिपायची आणि त्या फ्रेम ठरावीक वेगाने दाखवून वस्तू आपोआप हलत असल्याचा प्रत्यय द्यायचा, अशी चित्रपटनिर्मितीची पद्धत. बाहुल्या, मातीच्या आकृत्या, कापलेला कागद, आगकाड्या, वाळू, इतकेच काय जिवंत माणसेही या पद्धतीने चालवता येतात. रेखाटलेल्या अ‍ॅनिमेशनात आकृती कागदावर असते, संगणकीय अ‍ॅनिमेशनात ती गणिती प्रतिमानात असते. स्टॉप मोशनमध्ये वस्तू खरी असते, तिच्यावरचा प्रकाश खरा असतो, सावलीही खरी असते. हालचाल मात्र कॅमेऱ्यासमोर कधीच घडलेली नसते, ती फक्त पडद्यावर घडते. या पद्धतीची तत्त्वे आणि तंत्रे याच वैशिष्ट्यातून निघतात.

मूलतत्त्व : चित्रपट सामान्यतः सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने दाखवला जातो. लागोपाठच्या फ्रेममधला फरक पुरेसा लहान असला, की मेंदूला सुटी चित्रे न दिसता सलग हालचाल दिसते. या आभासी गतीवरचा पायाभूत अभ्यास मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. दोन फ्रेममधला हा फरक म्हणजेच अ‍ॅनिमेटरचे खरे माध्यम होय. सेकंदाला २४ वेगळ्या स्थिती टिपल्या, तर त्याला ‘वन्स’वर काम करणे म्हणतात. एकेका स्थितीच्या दोन फ्रेम घेऊन १२ स्थितींत सेकंद भरला, तर ते ‘टूज’वर काम करणे होय. टूजवरसुद्धा पडद्यावरच्या एका मिनिटासाठी ७२० स्थिती लागतात, वन्सवर १,४४०. त्यामुळे एका अ‍ॅनिमेटरच्या दिवसभराच्या श्रमातून चित्रपटाचे काही सेकंदच तयार होतात.

फ्रेममधला फरक किती आहे यावर वेग ठरतो, तो कसा बदलत जातो यावर वजन ठरते. उंचावरून सोडलेला चेंडू समान कालखंडांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापतो. अ‍ॅनिमेटरने त्याला प्रत्येक फ्रेमला सारखेच अंतर खाली आणले, तर तो पडत नाही, दोरीने सोडल्यासारखा उतरतो. हात उचलताना पहिले आणि शेवटचे टप्पे लहान, मधले मोठे ठेवावे लागतात, कारण शरीर एकदम वेग घेत नाही आणि एकदम थांबतही नाही. हात, मान, डोके सरळ रेषेत न फिरता कमानीत फिरतात. उडीआधी गुडघे वाकतात. धावणारा थांबला, तरी त्याचे केस आणि कपडे क्षणभर पुढे जात राहतात. स्तब्धताही घडवावीच लागते: बाहुली बराच वेळ जराही न हलता राहिली, तर ती पुन्हा वस्तू होऊन बसते. म्हणून अधूनमधून पापणी लवते, खांदा किंचित खाली येतो.

रेखाटलेल्या अ‍ॅनिमेशनात महत्त्वाच्या स्थितींची चित्रे आधी काढून मधली चित्रे नंतर भरता येतात. स्टॉप मोशनमध्ये पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत सलग पुढेच जावे लागते. हललेल्या बाहुलीची आधीची स्थिती पुन्हा तंतोतंत मिळवणे अवघड असते, त्यामुळे मधेच झालेली चूक बहुधा पुढच्या हालचालीत सामावून घ्यावी लागते, नाहीतर शॉट नव्याने घ्यावा लागतो. हे काम अभिनयाच्या जवळचे आहे ते यामुळेच. अनेक अ‍ॅनिमेटर प्रसंग आधी स्वतः करून पाहतात, घड्याळ लावून त्याची वेळ मोजतात आणि मग तोच अभिनय कित्येक तासांत विभागून बाहुलीकडून करवून घेतात.

प्रमुख प्रकार : बाहुली अ‍ॅनिमेशनात आत धातूचा सांगाडा असलेल्या बाहुल्या वापरतात. क्ले अ‍ॅनिमेशनात प्लॅस्टिसिनसारखी न वाळणारी माती दर फ्रेमला नव्याने घडवता येते, त्यामुळे आकार बदलणे सोपे जाते. काही वेळा मातीवर उमटलेले बोटांचे ठसे पडद्यावरही दिसतात. कट-आउट प्रकारात कागदाचे सांधेदार तुकडे सपाट पृष्ठभागावर सरकवतात. त्यांना मागून प्रकाश दिला, की छायाचित्रपट होतो. लोटे राइनिगर यांचा ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स आखमेद’ (१९२६) हा त्यातला अजोड पूर्ण लांबीचा चित्रपट. पिक्सिलेशनमध्ये माणसेच बाहुल्यांची जागा घेतात. नॉर्मन मॅक्लॅरेन यांनी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डसाठी केलेल्या ‘नेबर्स’ (१९५२) या ऑस्करविजेत्या लघुपटात दोन शेजारी एका फुलावरून जीव जाईपर्यंत भांडतात. माणूस आणि खुर्ची यांच्या झटापटीवरच्या त्यांच्या ‘अ चेअरी टेल’ (१९५७) या लघुपटाला पंडित रविशंकर यांचे संगीत आहे. 

बदली पद्धतीत आकृती वाकवण्याऐवजी तिचा भाग बदलतात: प्रत्येक भावासाठी वेगळे डोके किंवा वेगळा चेहरा आधीच तयार ठेवलेला असतो. जॉर्ज पाल यांच्या ‘पपेटून’ लघुपटांनी ही पद्धत रुळवली. ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ (१९९३) मधील जॅक या नायकासाठी सुमारे ४०० डोकी वापरली गेली.

साधने व कार्यपद्धती : आर्मेचर हा बाहुलीचा आतला सांगाडा. साध्या बाहुलीत तो अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा असतो, चांगल्या बाहुलीत पोलादी गोळा-खोबणीच्या सांध्यांचा. सांधा हाताने सहज फिरला पाहिजे आणि हात काढताच जिथल्या तिथे राहिला पाहिजे. त्यावर फोम लॅटेक्स किंवा सिलिकोनचे शरीर चढवतात. बाहुलीचा तोल जाऊ नये म्हणून तिचे पाऊल सेटच्या तळातून स्क्रूने आवळतात किंवा लोहचुंबकाने धरतात. उडी मारणारी बाहुली बाहेरच्या आधारावर पेलतात आणि तो आधार नंतर चित्रातून पुसतात. त्यासाठी रिकाम्या सेटची एक फ्रेम आधीच घेऊन ठेवतात.

पूर्वी बाहुली किती हलली हे सरफेस गेज या साधनाच्या सूचीच्या टोकावरून मोजत आणि फिल्म धुऊन येईपर्यंत निकाल कळत नसे. आज कॅमेरा संगणकाला जोडलेला असतो. आधीची फ्रेम समोरच्या दृश्यावर अर्धपारदर्शक दिसते आणि टिपलेला भाग लगेच चालवून पाहता येतो. संवाद आधी ध्वनिमुद्रित करतात. कोणत्या फ्रेमला कोणता उच्चार येतो याची नोंद एक्स्पोजर शीटवर असते आणि ओठ त्यानुसार बदलतात.

छायाचित्रणाची अडचण आकारातून येते. वीस-तीस सेंटिमीटरच्या बाहुलीजवळ कॅमेरा नेला, की फोकसची खोली फार उथळ होते आणि दृश्य खेळण्यातले वाटू लागते. यावर उपाय म्हणजे भिंगाचे छिद्र लहान करून एक्स्पोजर लांबवणे. समोर काहीच हलत नसल्याने हे निर्धास्तपणे करता येते. मात्र कॅमेऱ्याचे सारे नियंत्रण हाती ठेवावे लागते. स्वयंचलित एक्स्पोजर, वीजदाबातला चढउतार किंवा अ‍ॅनिमेटरच्या पांढऱ्या सदऱ्यावरून परावर्तित झालेला उजेड, यांतले काहीही दृश्यात लुकलुक आणते. सेटवरची प्रत्येक वस्तू पक्की चिकटवलेली असावी लागते.

प्रत्यक्ष चित्रीकरणात वेगाने हलणारी वस्तू प्रत्येक फ्रेममध्ये थोडी पुसट उमटते. स्टॉप मोशनमध्ये ती स्थिर असतानाच टिपली जात असल्याने प्रत्येक फ्रेम रेखीव असते, आणि गती काहीशी तुटक वाटते. ‘ड्रॅगनस्लेयर’ (१९८१) साठी फिल टिपेट आणि सहकाऱ्यांनी वापरलेल्या गो मोशन पद्धतीत शटर उघडे असतानाच यंत्र बाहुलीला किंचित हलवते, त्यामुळे ती पुसटता मिळते.

ऐतिहासिक विकास : कॅमेरा थांबवून वस्तू बदलण्याची युक्ती जॉर्ज मेलिएस यांच्या चमत्कारपटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आली. तिच्यातून कथा सांगणारी कला घडवणाऱ्यांत व्लादिस्लाव स्तारेविच अग्रणी होत. भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करताना दिव्यांच्या उजेडात ते निश्चल होतात हे पाहून त्यांनी मृत किड्यांना तारेचे पाय बसवले. ‘द कॅमेरामन्स रिव्हेंज’ (१९१२) मध्ये असेच कीटक माणसांसारखा संसार आणि दगाफटका करतात. अमेरिकेत विलिस ओब्रायन यांनी ‘द लॉस्ट वर्ल्ड’ (१९२५) आणि ‘किंग काँग’ (१९३३) मध्ये बाहुल्या आणि नट यांना एका चित्रात आणले. काँगच्या अंगावरील सशाची लव अ‍ॅनिमेटरच्या बोटांनी विस्कटत असे. ती पडद्यावर सळसळताना दिसते. त्यांचे शिष्य रे हॅरिहाउझेन यांच्या ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ (१९६३) मधील सात सांगाड्यांच्या लढाईला चार महिन्यांहून अधिक काळ लागला.

चेकोस्लोव्हाकियात बाहुलीनाट्याची जुनी परंपरा होती. तिच्यातून आलेल्या यिर्झी त्रंका यांनी बाहुलीचा चेहरा न बदलता प्रकाश, कोन आणि देहबोली यांतून भाव उभे केले. ‘द हँड’ (१९६५) या त्यांच्या अखेरच्या लघुपटात कलावंताला राबवू पाहणाऱ्या सत्तेवर थेट आघात आहे. इंग्लंडमधील आर्डमन स्टुडिओ पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन यांनी १९७२ मध्ये स्थापन केला. तिथल्या निक पार्क यांच्या ‘वॉलेस अँड ग्रोमिट’ मालिकेतील ग्रोमिट या कुत्र्याला तोंडच दिसत नाही, तो सारा अभिनय भुवयांनी करतो.

भारतातील वाटचाल : दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचे रोप उगवताना फ्रेमगणिक टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला आणि तो दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवले. यात दोन फ्रेममधला बदल निसर्गाने केला होता. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) मध्ये तोच बदल त्यांनी हाताने घडवला. हा लघुपट आज उपलब्ध नाही, तरी भारतीय स्टॉप मोशनची सुरुवात फाळक्यांपासून मानणे योग्य ठरते. त्यानंतर हे माध्यम भारतात मुख्यतः लघुपट आणि जाहिरातींत राहिले. मुंबईच्या स्टुडिओ ईकसॉरसमध्ये सुरेश एरियट यांनी दिग्दर्शित केलेला ‘टोकरी’ हा लघुपट त्यातले ठळक उदाहरण. वडिलांचे घड्याळ हातून बिघडल्यावर ते दुरुस्त करण्यासाठी टोपल्या विकायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट आहे.

संगणकयुगातील स्थान : ‘जुरासिक पार्क’ (१९९३) मधील डायनोसॉर आधी गो मोशनने करायचे होते, ते शेवटी संगणकावर झाले. तरी टिपेट प्रकल्पात राहिले. संवेदक बसवलेला सांगाडा अ‍ॅनिमेटरनी हाताने हलवायचा आणि त्या स्थिती संगणकात उतरवायच्या, अशी सोय काही दृश्यांसाठी करण्यात आली. हातांना ठाऊक असलेले वजन आणि वेळ यांचे ज्ञान नव्या माध्यमालाही हवे होते. उलट दिशेने संगणकही स्टॉप मोशनच्या उपयोगी पडला. लायका स्टुडिओच्या ‘कोरलाइन’ (२००९) पासून त्रिमितीय मुद्रणाने बाहुल्यांचे बदली चेहरे छापले जाऊ लागले. चेहऱ्याच्या वरच्या आणि खालच्या बदली भागांमधली फट अशा चित्रपटांत संगणकावर पुसली जाते. ‘अ‍ॅनोमलिसा’ (२०१५) च्या दिग्दर्शकांनी ती मुद्दाम राहू दिली, आणि तरीही प्रेक्षक त्या बाहुल्यांच्या एकटेपणात गुंततो. गिएर्मो देल तोरो आणि मार्क गुस्ताफसन यांच्या ‘पिनोकिओ’ला (२०२२) सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. बाहुली खोटी आहे हे प्रेक्षकाला पहिल्या फ्रेमपासून दिसत असते. तो विश्वास ठेवतो तो तिच्या हालचालीतल्या वजनावर, विरामावर आणि हेतूवर. या तिन्ही गोष्टी अ‍ॅनिमेटरला दर फ्रेमला नव्याने ठरवाव्या लागतात, आणि हे ठरवण्याचे शिक्षण हाच या कलेचा गाभा आहे.