विहिरीतले मासे कोण धुतं?

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. काचेच्या टाकीतलं पाणी आहे.

2021 मध्ये वर्क फ्रॉम होम होतं, म्हणून मी पुण्याहून बीडला घरी आलो होतो. दोन फुटी टँक आणला आणि त्याच दिवशी सहा गोल्डफिश सोडले. चौथ्या दिवशी एक मासा वर येऊन धापा टाकायला लागला. आठवड्यात चार गेले. दुकानदार म्हणाला, "पाणी खराब झालंय. सगळं उपसा, खडे, फिल्टर घासून धुवा." धुतलं. अजून चार मासे आणले, तेही गेले. आमच्या भागात नळ रोज येत नाही, आणि मी पन्नास-पन्नास लिटर पाणी मोरीत ओतत होतो. शेवटी आजी म्हणाली, "विहिरीतले मासे कोण धुतं रे?"

आजीच्या या प्रश्नावर माणसांनी जवळपास दीडशे वर्षं काढली आहेत.

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनतज्ज्ञ होते. 1849 मध्ये त्यांनी एका टाकीत दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. सडकी पानं खायला नंतर गोगलगायी सोडल्या, आणि टाकी टिकली. 1850 मध्ये त्यांनी ते छापलं. मासे, वनस्पती आणि गोगलगायी यांचा तोल साधला की पाणी बदलावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. घरगुती मत्स्यालयाची कल्पना इथून पसरली. पण या हिशेबात एक भिडू दिसतच नव्हता.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो. तो विषारी आहे. बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असेल, तर त्याचं विषारी रूप आणखी वाढतं. विहिरीत हा अमोनिया जातो कुठे?

1877 मध्ये पॅरिसमध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडलं. वीस दिवस काहीच झालं नाही, अमोनिया होता तेवढाच. मग अचानक नायट्रेट दिसायला लागलं. नळीत क्लोरोफॉर्म सोडला तर काम बंद. नंतर बागेतल्या मातीचं पाणी घातलं, तर पुन्हा सुरू. म्हणजे हे नुसतं रसायन नव्हतं, कुणीतरी जिवंत काम करत होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी विरजण लावलं होतं.

आता गंमत बघा. हे काम इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ज्याने पुढे नेलं, त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. त्या टाकीवाल्याचाच मुलगा! अमोनियाचं आधी नायट्राइट होतं आणि मग नायट्रेट, आणि या दोन पायऱ्यांचे कामगार वेगळे आहेत, हे त्याने दाखवलं. ते जिवाणू वेगळे काढणं मात्र त्याला जमलं नाही. ते 1890 मध्ये विनोग्राडस्कीने केलं. वडील 1867 मध्येच वारले होते. बापाच्या टाकीतला न दिसणारा भिडू मुलाला सापडला, पण बापाला ते सांगायचं राहून गेलं.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. मत्स्यालयात नायट्राइट खाणारा मुख्य जिवाणू नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पिरा आहे, हे 1998 मध्ये कळलं. दोन्ही पायऱ्या एकटाच करणारा नायट्रोस्पिरा तर 2015 मध्ये सापडला.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे जिवाणू पाण्यात कमी आणि खड्यांवर, स्पंजवर जास्त राहतात. विहिरीच्या दगडांवरचा तो बुळबुळीत थर असतो ना, तसे. मी दर वेळी टाकी धुवून त्यांनाच मोरीत घालवत होतो. पॅरिसची ती नळी दर आठवड्याला पहिल्या दिवसावर आणत होतो.

मग उरलेल्या दोन माशांसोबत नव्याने सुरुवात केली. खायला अगदी चिमूटभर. टेस्ट किटवर अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की फक्त पाव टाकी पाणी बदलायचं, तेही क्लोरीन उडावा म्हणून दिवसभर बादलीत उघडं ठेवलेलं. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही. साधारण सहा आठवड्यांनी दोन्ही आकडे शून्यावर आले, आणि दोन्ही मासे जगले.

तरी खरं सांगू का? आज सुरुवात केली असती तर पहिल्या दिवशी मासा आणलाच नसता. ओळखीतल्या कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा मागून आणला असता. त्यालाही रिकाम्या टाकीत उपाशी ठेवायचं नाही, रोज थोडं माशांचं खाणं टाकून कुजू द्यायचं. दोन्ही आकडे शून्यावर आले की मग मासे. दही लावायला आपण शेजारून विरजण आणतोच की. त्या आठ माशांचा जीव फक्त माझ्या घाईने गेला.

काढलेलं पाणी आता मोरीत जात नाही. त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. आजीचा कढीपत्ता सध्या जोरात आहे.

भेटू पुढच्या भागात.