शेक संपल्यानंतरचा खोकला : शंभर वर्षांची कहाणी

१/ स्तनाच्या कर्करोगावरील किरणोपचार, म्हणजे बोलीतला ‘शेक’, पूर्ण करून जालना जिल्ह्यातील एखादी स्त्री गावी परतते. दोन-तीन महिन्यांनी कोरडा खोकला, धाप आणि बारीक ताप सुरू होतो. याचा संबंध संपलेल्या उपचाराशी असू शकतो, हे वैद्यकास केव्हा उमगले? #थ्रेड

२/ ८ नोव्हेंबर १८९५ रोजी रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्याच वर्षी कर्करोगावर त्यांचे प्रयोग सुरू झाले. आरंभीची यंत्रे दुर्बळ होती. इजा होई ती मुख्यतः त्वचेला.

३/ १९२० नंतर अधिक दाबाची यंत्रे आली. किरण खोलवर पोहोचू लागले आणि बरगड्यांआडचे फुप्फुसही त्यांच्या वाटेत आले. १९२५ मध्ये इव्हान्स व ल्युकुशिया या अमेरिकी वैद्यांनी या इजेच्या दोन अवस्था मांडल्या : आधी दाह, नंतर कायमचा कठीणपणा.

४/ दाह साधारणतः उपचारानंतर एक ते सहा महिन्यांत प्रकटतो. कठीणपणा त्याहून उशिरा. हा विलंबच फसवा आहे.

५/ मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले. मराठवाड्यातील अनेक कुटुंबांची वाट दीर्घकाळ तिथवरच जात असे. २०१२ मध्ये औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि जालनेकरांचे अंतर साठेक किलोमीटरवर आले.

६/ तरीही शेक एका शहरात आणि खोकला दुसऱ्या गावात, ही स्थिती उरतेच. छातीच्या फोटोत डाग दिसला की प्रथम क्षयाची शंका येते. आपल्याकडे ती रास्तच आहे. थुंकीची तपासणी व्हायलाच हवी. मात्र किरणांच्या डागाची कडा पुष्कळदा सरळ असते. ती फुप्फुसाच्या खंडांची रचना पाळत नाही, किरणांची वाट पाळते.

७/ आज सीटी स्कॅनवर आखणी करून फुप्फुसास मिळणारी मात्रा आधीच मोजतात. म्हणून हा दाह थोड्याच रुग्णांना होतो. त्रास अधिक असल्यास स्टेरॉइड देतात. ते मनाने बंद करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते.

८/ इतिहासाचे विद्यार्थी कागद जपतात, रुग्णानेही जपावेत. कोणत्या बाजूस, किती मात्रेचा शेक घेतला आणि तो कधी संपला, हे सांगणारी फाईल गावातील डॉक्टरांपुढे ठेवावी. १९२५ साली जुळलेला दुवा त्या फाईलअभावी आजही तुटू शकतो.