मूस, ऐरण आणि पाणी : आपल्या निजामाच्या मुलखातलं पोलाद

आजचा भाग थोडा धारदार आहे. (हा विनोद मी करणारच होतो, आता झाला, पुढे जाऊ.)

रात्री अकरा वाजता रील बघत पडलं की दोन प्रकारचे व्हिडिओ हमखास येतात. एकात कुणीतरी परदेशी माणूस आपल्या गॅरेजमध्ये ट्रकचा पाटा लाल करून सुरी बनवतोय. दुसऱ्यात तसाच कुणीतरी चक्क बंदूक जोडतोय आणि खाली म्हणतोय, माझा छंद. मग प्रश्न पडतो, हे आपल्याकडे, सिडकोतल्या एखाद्या घराच्या गच्चीवर करता येईल का?

बंदुकीचं उत्तर एका शब्दात : नाही. शस्त्र अधिनियम, १९५९. कलम ५ म्हणतं, परवान्याशिवाय बंदूक बनवायची नाही, दुरुस्त करायची नाही, विकायची नाही. छंद असला तरी तेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. त्यामुळे 'प्रोजेक्ट म्हणून एकच करून बघतो' हे डोक्यातून काढा.

सुरीचं तसं नाही. कायद्याने घरगुती आणि शेतीच्या वापराच्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून बाहेर ठेवल्यात. विळी, कोयता, खुरपं, स्वयंपाकघरातली सुरी बनवायला कुणाची आडकाठी नाही. नियमांच्या यादीत येतात त्या तलवारी, खंजीर, आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं, जी घर, शेती, प्रयोगशाळा किंवा कारखान्याच्या कामासाठी नाहीत अशी. म्हणजे नऊ इंच आणि दोन इंच हे आकडे लक्षात ठेवा. तलवार करायची हौस असेल तर आधी पोलीस आयुक्तालयात विचारा, मग भट्टी पेटवा. आपल्या शहरात हा विषय हलका नाही. मे २०१८ मध्ये इथे दंगल झाली आणि त्याच महिन्यात ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले. खेळणी आणि शोभेच्या वस्तू म्हणून आलेला माल होता तो.

आता इतिहास. कारण खरी गंमत ही आहे की जगभरातले हौशी लोहार आज गॅरेजमध्ये ज्या पोलादाच्या मागे लागलेत, ते आपल्याच जुन्या राज्यात बनत होतं.

त्याला इंग्रजीत वूट्झ म्हणतात. तेलुगू-कन्नडमध्ये पोलादाला 'उक्कू' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला असं मानतात. आपला 'पोलाद' फारसीतून आला. हे पोलाद बनायचं ते गाव म्हणजे निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम. आज ते तेलंगणात आहे, पण १९४८ पर्यंत निजामाबाद आणि औरंगाबाद एकाच हैदराबाद संस्थानात होते, म्हणून मी हक्काने 'आपलं' म्हणतोय.

पद्धत सांगतो. लोखंडाचे तुकडे आणि थोडा कोळसा किंवा झाडाचा पाला मातीच्या छोट्या भांड्यात भरायचा. हे भांडं म्हणजे मूस. तोंड मातीने लिंपून बंद करायचं आणि भात्याने फुंकून फुंकून भट्टी तापवत ठेवायची. आतलं लोखंड कार्बन पितं. कार्बन वाढला की वितळायचं तापमान खाली येतं, त्यामुळे शुद्ध लोखंड जिथे नुसतं मऊ पडलं असतं तिथे हे सगळं वितळून एकजीव होतं. मग सावकाश गार होऊ द्यायचं. मूस फोडली की आत पोलादाची वडी. कार्बन साधारण दीड टक्का. साध्या सुरीच्या पोलादात याच्या निम्माही नसतो बऱ्याचदा. 'अनुभवाच्या मुशीतून घडलेला' वगैरे आपण भाषणात ऐकतो ना, ती ही मूस.

या वड्या नेण्यासाठी इराणचे व्यापारी थेट कोनासमुद्रमपर्यंत यायचे. हेन्री व्हॉयसी नावाचा इंग्रज डॉक्टर-भूगर्भतज्ज्ञ तिथे जाऊन भट्ट्या बघून आला आणि त्याचं वर्णन १८३२ मध्ये छापलं गेलं. त्याच्याही दीडशे-दोनशे वर्षं आधी फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये गोवळकोंड्याच्या पोलादाबद्दल लिहून गेलाय. या वडीपासून ठोकून तलवार केली आणि पात्यावर सौम्य आम्ल लावलं की पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी उमटते. ती कोरलेली नसते, धातूच्या आतच असते. जग त्याला दमास्कस म्हणतं. माल आपला, नाव सीरियातल्या शहराचं.

मग विज्ञानाची गोष्ट सुरू होते, आणि तिची सुरुवात मुंबईत आहे. हेलेनस स्कॉट नावाचा मुंबईतला डॉक्टर. त्याने या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सनने त्यावर शोधनिबंध वाचला. पुढे मायकेल फॅरेडे, हो तोच, विजेचा फॅरेडे, जेम्स स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरासोबत या पोलादावर प्रयोग करत बसला. फॅरेडेचे वडील लोहार होते. वूट्झचं रहस्य अॅल्युमिनियमच्या अंशात आहे असं फॅरेडेला आधी वाटलं. ते चुकलं. पण मिश्र पोलादाच्या पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात याच खटपटीतून झाली.

कोडं बरंचसं सुटलं ते १९९० च्या दशकात, आणि तेही एका घोड्यांना नाल ठोकणाऱ्या माणसामुळे. फ्लोरिडातला आल्फ्रेड पेंड्रे. हौशी सुरीकार, स्वतःच्या भट्टीवर मुशीत पोलाद वितळवून बघणारा. त्याची जोडी जमली आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन यांच्याशी. १९९८ च्या लेखात त्यांनी मांडलं की लहरी येतात त्या व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्याच्या अगदी किरकोळ अंशामुळे. ठोकताना आणि पुन्हा पुन्हा तापवताना कार्बाइडचे कण त्या अंशाच्या रांगांवर गोळा होतात आणि पट्टे दिसतात. त्या दोघांचा तर्क असा की तसं खनिज देणाऱ्या खाणी संपल्या आणि कला गेली.

मला हा तर्क अर्धा पटतो. खनिज बदललं तर नक्षी येणं बंद होईल, पटलं. पण पोलाद बनवणारा माणूस मूस खाली ठेवतो त्याला खनिज एवढंच कारण नसतं. १८५६ मध्ये बेसेमरची पद्धत आली, पोलाद टनावारी आणि स्वस्त बनू लागलं. त्याच्या पुढच्याच वर्षी १८५७. मग निःशस्त्रीकरण. १८७८ मध्ये लिटनचा शस्त्र कायदा आला, ब्रिटिश हिंदुस्थानात भारतीयाला हत्याराला परवाना आणि युरोपियनांना सूट. काँग्रेस सुरुवातीपासून याविरुद्ध ठराव करत होती, आणि १९३० मध्ये गांधीजींच्या अकरा मागण्यांमध्येसुद्धा शस्त्रपरवान्याची मागणी होती. अहिंसावाले गांधीजी, हो. तलवार घेणारं गिऱ्हाईकच उरलं नाही, तर वडी कोण घेणार?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मराठ्यांच्या हातातल्या बऱ्याच चांगल्या तलवारींची पाती युरोपातून यायची. म्हणूनच तिला 'फिरंग' म्हणतात. मूठ आपली, पातं तिकडचं. जगातलं उत्तम पोलाद दख्खनमध्ये आणि दख्खनच्या सरदाराला पातं मात्र समुद्रापलीकडचं! लांब, सरळ आणि लवचीक पातं हवं असेल तर जास्त कार्बनचं वूट्झ ठिसूळ पडू शकतं, हे त्याचं एक कारण असावं असं मला वाटतं. सगळं आपल्याकडेच श्रेष्ठ होतं असं म्हटलं की लाइक मिळतात, पण धातू ऐकत नाही.

बंदुकीचा छंदही इतिहासात सापडतो, पण तो बादशहाला परवडायचा. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत अकबराच्या बंदुका बनवण्याच्या नादाचं वर्णन आहे. नळी फुटू नये म्हणून लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळून घड्या एकमेकींवर चढवायच्या, कडेला कड लावायची नाही. बैलाने फिरणाऱ्या एका चाकावर एका वेळी सोळा नळ्या साफ व्हायच्या. श्रेय सगळं बादशहाला दिलंय. मॅनेजरने टीमचं काम आपल्या नावावर दाखवायची पद्धत जुनीच आहे.

मग आपल्याकडे हे काम आज कोण करतं? शिकलगार हा शब्द आडनाव म्हणून ऐकला असेल. शिकल करणारा, म्हणजे शस्त्राला धार आणि झिलई देणारा. घिसाडी, म्हणजे गाडी लोहार, तुम्ही मराठवाड्यातल्या आठवडी बाजाराच्या कडेला बघितले असतील. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसा, बाजूला भाता, समोर ऐरण. पुरुष सांडशीने लाल लोखंड धरतो आणि घण बाईच्या हातात असतो. ट्रकच्या जुन्या पाट्याचा कोयता ते डोळ्यांसमोर करून देतात. रीलवरचा माणूस जे लाखभर रुपयांची अवजारं लावून करतो ते.

हा कोयता बीड-मराठवाड्यात हत्यारही आहे आणि हिशेबही. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू होतो, त्याच्या आधी धार लावून घ्यायची गर्दी. आणि पुण्यात 'कोयता गँग'च्या बातम्या आल्या की तोच कोयता विकणाऱ्याकडे सगळे संशयाने बघतात. कायदा म्हणतो शेतीचं अवजार, बातमी म्हणते हत्यार, आणि बनवणाऱ्याला नगाचे ठरलेले पैसे तेवढे मिळतात.

घरी सुरी करायची असेल तर भट्टी विकत घेण्याआधी एक सकाळ या लोकांजवळ बसा. पैसे देऊन बसा, फुकट शिकायला जाऊ नका. पोलाद किती तापलं हे ते रंगावरून सांगतात. तुम्ही चुंबक वापरा : साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं, त्याच्या थोडं वर गेलं की तेलात बुडवायचं. याला मराठीत 'पाणी देणं' म्हणतात, पाणीदार हा शब्द इथलाच. बुडवल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांच्या आसपास तास-दोन तास ठेवून त्याला थोडं नरम करायचं. डोळ्यांना गॉगल, पायात बूट, जवळ वाळूची बादली. आणि घासताना मास्क, कारण ती धूळ फुप्फुसात जाते.

जुनी शस्त्रं आणि चिलखत बघायचं असेल तर शहरातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चक्कर मारा. दौलताबादला गेलात तर मेंढा तोफेपाशी थांबा, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे. तोफा ओतणाऱ्यांची गोष्ट मोठी आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान आधी परांड्याला आणि मग विजापूरला कशी ओढत नेली, हे पुढच्या भागात.