भाजीपाल्याची नवी बाग आणि हरितगृह : आधी आखणी, मग उभारणी

शहरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर जमिनीचा लहानसा तुकडा घेऊन तेथे घरापुरता भाजीपाला पिकवण्याची हौस पुणे, मुंबई, नाशिककडील मध्यमवर्गात आता चांगलीच रुजली आहे. या हौसेची पहिली खूण बहुधा हरितगृहाच्या रूपाने उभी राहते. प्रदर्शनात पाहिलेला पांढराशुभ्र पॉलिथिनचा मांडव मनात भरतो, कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिली जाते आणि माती, पाणी, वारा यांचा विचार त्यानंतर सुरू होतो. हा क्रम उलटा असावयास हवा.

हरितगृह नेमके कशासाठी, या प्रश्नापासूनच आखणीला आरंभ करावा. ही कल्पना मूळची थंड मुलखांतली. रोमन सम्राट टायबेरियसला काकडीवर्गीय फळ बारमाही खाता यावे म्हणून त्याचे माळी चाकांवरील वाफे उन्हात फिरवीत आणि थंडीत पारदर्शक दगडी तावांखाली ठेवीत, असे प्लिनीने नोंदवले आहे. आपल्याकडे लेहमध्येही संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने हरितगृहांचा वापर केला तो कडाक्याच्या थंडीत जवानांना ताजी भाजी मिळावी म्हणून. महाराष्ट्राच्या पठारावर मात्र उष्णता साठवण्याची गरज क्वचितच पडते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने उघड्या वाफ्यात जे पीक येते, त्याच्यापुढे हरितगृहातल्या पिकाचे फारसे कौतुक उरत नाही. आपल्याला आच्छादन हवे ते दोनच गोष्टींसाठी : जून ते सप्टेंबर पानांवर सतत पडणाऱ्या पावसापासून आणि मार्च ते मे या काळातील उन्हापासून.

या दोन गरजा परस्परविरोधी आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. शेडनेटची जाळी ऊन अडवते, पण पाऊस आत येऊ देते. त्यामुळे श्रावणातल्या टोमॅटोवर करपा यायचा तो येतोच. चारही बाजूंनी बंद असलेल्या पॉलिहाउसमध्ये पाऊस येत नाही, पण एप्रिलच्या दुपारी आतले तापमान बाहेरच्यापेक्षाही वर जाते. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले आणि रात्रही उबदार राहिली की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात. पंखे आणि ओल्या गाद्यांची शीतकरण यंत्रणा बसवता येते. परंतु घरगुती बागेसाठी तिचा खर्च आणि विजेवरचे अवलंबन परवडणारे नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हौशी बागाईतदाराने मधला मार्ग धरावा : वर अतिनील किरणांना टिकणारी २०० मायक्रॉन जाडीची पॉलिथिन फिल्म, चारही बाजूंना कीटकरोधक जाळी आणि उन्हाळ्यापुरती ओढून घेता येईल अशी ५० टक्के सावलीची शेडनेट.

चौघांच्या कुटुंबाला दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद, म्हणजे साधारण अर्ध्या गुंठ्याचे हरितगृह पुष्कळ झाले. उंचीत मात्र काटकसर करू नये. बुटक्या हरितगृहात गरम हवा झाडांच्या शेंड्यांशीच कोंडते. मध्यभागी चार मीटर उंची आणि माथ्याशी हवा बाहेर पडण्यासाठी सलग झरोका असावा. आपल्याकडे पावसाळी वारे पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतात, म्हणून हा झरोका पूर्वेकडे उघडणारा ठेवावा. तो पश्चिमेकडे उघडा राहिला तर वारा आत घुसून फिल्म फुगवतो आणि पहिल्याच वादळात छप्पर उचलले जाते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले, तेव्हा घाट ओलांडून मावळातल्या पॉलिहाउसचेही त्याने नुकसान केले होते. पाया, खांबांचे गाडणे आणि फिल्म पकडणारी पट्टी हे तीन तपशील दरपत्रकात शेवटच्या ओळींत असतात. वाचताना ते आधी वाचावेत.

जागेची निवड सावलीवरून ठरते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो. तीन मीटर उंचीच्या मांडवाची सावली तेव्हा उत्तरेकडे सुमारे पावणेतीन मीटर पडते. सकाळ-संध्याकाळी ती याहून कितीतरी लांब. ऐन हंगामाच्या महिन्यांतच वाफे सावलीत जाऊ नयेत, यासाठी दोडका, कारले, दुधी, वाल यांचे मांडव आणि शेवगा, पपई ही उंच झाडे बागेच्या उत्तर कडेला घ्यावीत. हरितगृह मोकळ्यावर असावे, मात्र पाण्याच्या टाकीपासून आणि घरापासून लांब नसावे. रोज दोनदा डोकावता येत नाही अशा हरितगृहात पांढरी माशी मालकाच्या आधी येऊन राहते. आठवड्यातून एकदाच जाणे शक्य असेल, तर तेथे राहणाऱ्या माणसाची सोय झाल्याखेरीज हरितगृहाच्या भानगडीत पडू नये; शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि सांडपाण्यावरचे अळू एवढ्यावर समाधान मानणे शहाणपणाचे.

पाण्याचा हिशेब सोपा आहे आणि तो कागदावर मांडलाच पाहिजे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. छपराखालच्या वाढलेल्या पिकाला उन्हाळ्यात दर चौरस मीटरला दिवसाकाठी चार लिटर धरले, तर ५० चौरस मीटरला रोज २०० लिटर लागतील. आता हेच छप्पर पाऊस किती देते ते पाहा. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी या छपरावर ३५ हजार लिटर पाणी पडते; पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी २८ हजार लिटर उरते. म्हणजे १४० दिवसांची तरतूद! मात्र ते सारे साठवायला चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल हौद लागेल. तेवढा शक्य नसेल तर निम्मा बांधावा, पण छपराला पन्हळी लावून घ्याव्यातच. पावसाचे पाणी विंधन विहिरीच्या जड पाण्यात मिसळले की ठिबकची छिद्रे क्षाराने बुजण्याचा त्रासही कमी होतो. विहिरीच्या पाण्याची तपासणी मातीबरोबरच करून घ्यावी.

मातीबाबत एक गैरसमज फार पक्का आहे. काळी माती कसदार म्हणून ती हरितगृहात भरण्याचा आग्रह धरला जातो. रोज पाणी मिळणाऱ्या वाफ्यात ही माती चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही आणि मर रोग बळावतो. निचऱ्याची तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि भाताचे तूस यांचे मिश्रण करून गादीवाफे भरावेत. अर्धवट कुजलेले खत स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, त्यातून हुमणी येते. बाहेरून आणलेल्या मातीबरोबर सूत्रकृमीही येऊ शकतात. लागवडीपूर्वी एप्रिल-मे महिन्यांत वाफे भिजवून, पारदर्शक प्लॅस्टिकने घट्ट झाकून चार ते सहा आठवडे तापू दिले, तर हा उपद्रव बराच आटोक्यात येतो. कोकणात जांभा दगडाची माती निचऱ्याला उत्तम, पण आम्ल असते. तेथे चुन्याची मात्रा माती परीक्षणावरून ठरवावी.

पाच मीटर रुंदीत ९० सेंटिमीटर रुंदीचे आणि ४० सेंटिमीटर उंचीचे तीन गादीवाफे, मध्ये अर्ध्या मीटरच्या वाटा, असे नीट बसते. एका वाफ्यावर दोन ओळींत टोमॅटोची चाळीसेक रोपे मावतात. ही संख्या ऐकायला थोडी वाटते, पण सुतळीला बांधून वर चढवलेली चाळीस झाडे शेजाऱ्यांनाही टोमॅटो पुरवतील. दुसऱ्या वाफ्यात काकडी घ्यावी आणि तिसरा वाफा रोपे व कोथिंबिरीसाठी राखावा. मे महिन्यात शेडनेटखाली वाढलेल्या कोथिंबिरीची जुडी हातात आली की या साऱ्या खटाटोपाचे मोल कळते. ढोबळी मिरची आवर्जून लावावी, परंतु टोमॅटो निघालेल्या वाफ्यात नव्हे. टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा ही एकाच कुळातली पिके. त्यांच्या पाठोपाठ ती लावली की रोगांचा वारसाही चालू राहतो.

हौशी मंडळी सर्वाधिक फसतात ती परागीभवनाच्या मुद्द्यावर. मोठ्या उत्साहाने हरितगृहात दोडका, कारले, दुधी लावला जातो. वेल छतापर्यंत जातात, पिवळ्या-पांढऱ्या फुलांनी बहरतात आणि फळ मात्र बोटाएवढे होऊन पिवळे पडते. मग खताला, बियाण्याला आणि रोपवाटिकेला दोष दिला जातो. वस्तुतः या वेलींवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात आणि इंचाला ४० छिद्रांच्या ज्या जाळीने पांढरी माशी अडते, तिने मधमाशीही अडते. अशा वेली बाहेरच्या मांडवावरच शोभतात. आत काकडी लावायची तर परागीभवनाविना फळ धरणारे वाण निवडावे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'पुसा सीडलेस काकडी-६' हा त्यांपैकी एक. टोमॅटोचे फूल स्वतःचे परागण स्वतः करते, फक्त वाऱ्याची हालचाल त्याला आत मिळत नाही. सकाळी दहाच्या सुमारास सुतळ्यांना हलकेच टिचकी मारीत फिरावे, एवढे पुरते.

दार दुहेरी असावे. पहिले लावल्याशिवाय दुसरे उघडू नये, हा नियम पाहुण्यांनाही सांगावा. बाहेरच्या वाफ्यांत पहिल्या वर्षी वांगी, भेंडी, गवार, मेथी, पालक, चाकवत इतकेच घ्यावे आणि पहिला पावसाळा संपेपर्यंत पाणी कोठे साचते ते पाहून उरलेले वाफे आखावेत. हरितगृहाचा सांगाडा त्यानंतर, ऑक्टोबरात उभारला तरी चालतो : फिल्म चढवण्यास वारा पडलेला असतो आणि पुढच्या उन्हाळ्यात वाफे तापवून पहिली रोपे जूनच्या आरंभी आत लावता येतात.