पेटीसमोर मेलेल्या माश्या नव्हत्या

काजू मोहरला की ढेकण्यासाठी फवारणी होते, आणि त्याच मोहरावर मधमाश्याही येतात. फवाऱ्याने माशी मेली तर निदान डोळ्यांना दिसते. पण न मरता नाहीशी होणाऱ्या माशीचे काय? या प्रश्नापायी फ्रान्सचे मधपाळ वर्षानुवर्षे झगडले.

१९९४ साली तिथे सूर्यफुलाच्या बियाण्याला 'गाऊचो' लावून पेरणी होऊ लागली. बायर कंपनीचे औषध, त्यातले विष इमिडाक्लोप्रिड. फवारायची कटकट नाही, सगळे कसे सोयीचे! पण हे विष आंतरप्रवाही. बियाण्यातून रोपाच्या रसात चढते आणि अंशरूपाने फुलातल्या मधात, परागात उतरते. सूर्यफूल फुलले की मध भरून यायचा, तो येईना. पेट्यांतल्या कामकरी माश्या कमी झाल्या, आणि पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडाही नाही.

कंपनीकडे चाचण्या होत्या. त्या काळच्या चाचण्या मुख्यतः काय मोजत? ठरावीक मात्रेने दोनेक दिवसांत किती माश्या मरतात ते. फुलातला अंश त्याहून कितीतरी कमी, म्हणजे कागदावर सारे ठीक. मधपाळांची खरी अडचण मला इथे दिसते. हरवलेल्या माशीचा पंचनामा करायचा कसा?

हे विष निकोटिनसारखे मज्जातंतूंवर काम करते. सूर्याचा कोन आणि वाटेवरच्या खाणाखुणा लक्षात ठेवून माशी घरी परतते. ती आठवणच ढळली तर ती रानातच कुठेतरी संपते.

जानेवारी १९९९ मध्ये कृषिमंत्री ज्यां ग्लावानी यांनी सूर्यफुलावरचा गाऊचो स्थगित केला, तोही पुरता पुरावा हाती येण्याआधी. मला हे धाडसच वाटते. २००४ मध्ये मक्याची पाळी आली. पुढे २०१२ मध्ये मिकाएल आंरी आणि सहकाऱ्यांनी साडेसहाशेवर माश्यांच्या पाठीवर इवल्या चिप चिकटवल्या, काहींना त्याच कुळातले थायमेथोक्झाम थोडेसे पाजले आणि पेटीपासून लांब नेऊन सोडले. विष घेतलेल्या माश्या कमी परतल्या. मात्रा जास्त होती, असा आक्षेप आलाच.

बंदीनंतर पेट्या लगेच भरल्या असेही नाही. व्हरोआ नावाचा परोपजीवी कोळी होताच, शिवाय हे विष मातीत बराच काळ टिकते. युरोपीय संघाने २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये, तातडीच्या सवलती सोडल्यास, उघड्या शेतातला वापर थांबवला. आपल्याकडे इमिडाक्लोप्रिडची बाटली आजही दुकानात मिळते.