सुटलेलं पोट आणि टेबलावर झोपण्याआधीचे प्रश्न

लग्नसराई आली की आपल्या गप्पांत एक विषय हमखास निघतो, सुटलेलं पोट. दोन बाळंतपणं झाली, नसबंदी झाली, आता साडी नीट बसत नाही. त्यात मोबाइलवर जाहिरात दिसते, ‘चरबी काढा, सडपातळ व्हा.’ या शस्त्रक्रियेला लायपोसक्शन म्हणतात. ती आली कुठून, ते आज सांगते.

गोष्ट पॅरिसपासून सुरू होते. १९२० च्या दशकात दुजारिए नावाच्या सर्जनने एका तरुणीच्या पायाची चरबी काढायला घेतली. पाय धडधाकट होते, फक्त तिला ते जाड वाटत होते. हत्यार वापरलं ते गर्भपिशवी खरवडायचं! पाय सडला आणि शेवटी कापावा लागला. ती कोर्टात गेली. १९२९ साली न्यायालयाने डॉक्टरला जबाबदार धरलं.

पुढे जवळपास पन्नास वर्षं या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. १९७० च्या दशकात रोममध्ये आर्पाड आणि जॉर्जो फिशर या बापलेकांनी पोकळ नळीने चरबी ओढून काढायला सुरुवात केली. पॅरिसच्या इलूझ या सर्जनने बोथट टोकाची नळी आणली, म्हणजे रक्तवाहिन्यांना इजा कमी. १९८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या जेफ्री क्लाइन यांनी चरबीत आधी भरपूर पातळ केलेलं भुलीचं औषध सोडायची पद्धत काढली. त्यामुळे रक्त जाणं खूप कमी झालं.

म्हणजे शस्त्रक्रिया सुधारली. पण ती करते काय? कातडीखालची चरबी काढून अंगाला आकार देते, एवढंच. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी तिने निघत नाही. २००४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १५ लठ्ठ बायकांची प्रत्येकी सुमारे १० किलो चरबी काढली होती. काही आठवड्यांनी तपासलं, तर रक्तदाब आणि साखरेत फरक नव्हता. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सैल पडले असतील किंवा हर्निया असेल, तर त्यावरही हा इलाज नाही. आणि धोका आजही आहे: जंतुसंसर्ग, रक्ताची गाठ, चरबीचा कण फुप्फुसात अडकणं.

तुम्ही म्हणाल, ताई, ही शहरातल्या पैसेवाल्यांची गोष्ट, आम्हाला काय तिचं? मग आपल्या बीडकडे बघा. ऊसतोडीला गेलेल्या बाईला पाळीतही सुट्टी नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या कित्येकींना ‘पिशवी काढून टाका’ हाच सल्ला मिळाला. २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत चाळिशीच्या आतल्याही कितीतरी होत्या.

पिशवी काढणं आणि चरबी काढणं एक नाही, हे मलाही कळतं. पिशवी काढल्याने कधी जीव वाचतो. लायपोसक्शनही जाणत्या हातून नीट होतं. पण पॅरिसची ती तरुणी आणि आपली ऊसतोड बहीण, दोघींच्या वाट्याला एकच गोष्ट आली नाही: नीट समजावून सांगणारं माणूस. एकीला आरशाची घाई होती, दुसरीला उचल फेडायची.

म्हणून टेबलावर झोपण्याआधी विचारायचं. डॉक्टर, तुमची प्लास्टिक सर्जरीची पदवी कोणती, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नोंद आहे का? भूल कोण देणार? किती चरबी काढणार? काही बिघडलं तर अतिदक्षता विभाग कुठे आहे? आणि शेवटचा प्रश्न, हे केलंच नाही तर माझं काय बिघडेल? पिशवीचा सल्ला मिळाला तर हाच प्रश्न आधी विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्या.

विचारल्यावर जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडून उठून यायचं. प्रश्न पाठ नाही झाले तर कागदावर लिहून न्या, लिहिता येत नसेल तर लेकीला सोबत न्या.